चष्मेवाल्यांनी कापलेले तीन गुण

बुद्धिबळात यंत्राने केलेली चाल धाडसी असू शकते का? आमच्या चौकातल्या चष्मेवाल्यांनी मला हे विचारले, तेव्हा माझ्या नाकावर तपासणीची जड चौकट होती. ज्याला हरण्याची भीतीच ठाऊक नाही त्याला धाडस कुठून येणार, असे काहीसे मी पुटपुटलो. "मग ती चाल बघून मलाच धास्ती का वाटते?" असे म्हणत त्यांनी काच बदलली. "आता बरं दिसतं, की मघाशी?" काचेपुरते उत्तर मला देता आले.

त्यांचे दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे चौकटींची काचेची कपाटे, मागे पडद्याआड तपासणीची खुर्ची आणि खुर्चीशेजारी स्टुलावर बुद्धिबळाचा पट. आमच्या क्लबात दरवर्षी सभासदांनी लिहिलेल्या संगणक-प्रोग्रॅमांची स्पर्धा होई. जिंकणे-हरणे पटावरच ठरे. पण 'सर्वोत्तम चाली'चा एक करंडक वेगळा असे. क्लबातला सर्वांत बलाढ्य प्रोग्रॅम ज्या चालींना जवळजवळ सारखेच मोल देई, त्यांतली खरी देखणी कोणती हे माणसाने ठरवायचे. तो माणूस म्हणजे चष्मेवाले. क्लबात त्यांना 'तराजू' म्हणत.

पारखण्याची त्यांची रीत धंद्यातूनच आलेली होती. ते डोळे मिटून बसत आणि पत्नी पटावर संगणकाची चाल मांडी. ते पाहत, पुन्हा डोळे मिटत. ती मोहरा परत घेऊन दुसरी शक्य चाल मांडी. "ही, की मघाची?" असे ते स्वतःलाच विचारत. पत्नीला खेळातले ओ की ठो कळत नव्हते. कोणता मोहरा कुठून कुठे न्यायचा, एवढे चिठ्ठीवर पाहून ती हलवी, आणि म्हणूनच तिच्यावर त्यांचा भरवसा होता. "माझी भाजी कधी इतकी निरखून चाखली नाहीत," असे ती म्हणे. "भाजीला पर्याय कुठे असतो?" हे त्यांचे ठरलेले उत्तर.

गिऱ्हाइकांविषयी त्यांचे एक निरीक्षण होते. "माणूस स्वतःच्या डोळ्यांना विचारत नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतो. त्याला पास व्हायचं असतं!"

२०११ सालच्या स्पर्धेत त्यांच्या सुनेने आपला प्रोग्रॅम उतरवला. ती एका छापखान्यात मजकूर जुळवण्याचे काम करी आणि घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावरच मोहरे मांडून प्रोग्रॅम लिहीत बसे. ताटे मांडायची वेळ झाली की सासूबाई म्हणत, "तुझा तो घोडा उचल आता, आमटी सांडेल." स्पर्धेआधी तिने सासऱ्यांना बजावले, "बाबा, घरची म्हणून काही नको हं. माझी चाल कशी आहे, ते मला खरंखुरं कळायला हवंय. दुसरं कोण सांगणार मला?"

"मी काय लोणी लावणारा वाटलो?" चष्मेवाले म्हणाले.

तीन पट मांडले गेले: क, ख आणि ग. कोणते अक्षर कोणाचे, हे फक्त क्लबच्या सेक्रेटरींच्या डोक्यात होते. क-मधली चाल नीटनेटकी पण सरधोपट होती. ख-मध्ये संगणकाने हल्ला सुरू व्हायच्या कितीतरी आधी राजा एक घर कोपऱ्यात सरकवला होता. ग-मध्ये त्याने समोरच्याचा उंट घेण्यासाठी आपला हत्ती बिनदिक्कत देऊन टाकला होता.

ख पाहताच चष्मेवाले मनात हसले. ढग दिसण्याआधी छत्री पिशवीत टाकणारी, गॅस बंद केल्यावर परत जाऊन पाहणारी घरात एकच व्यक्ती होती, सून. चाल तर मनात भरलेली. नऊ गुण ओठांवर आलेले. पण लोक काय म्हणतील? त्यांनी सहा दिले. हत्ती देणाऱ्या ग-ला आठ मिळाले आणि करंडकही.

सेक्रेटरींनी नाव जाहीर केले. ग हा सुनेचा प्रोग्रॅम होता.

"घ्या! तराजू घरातच झुकला," मागून कोणीतरी म्हणाले आणि सभागृह हसले. चष्मेवाले मात्र उभे राहिले.

"निकाल चुकलाय."

"अहो, बसा, हात जोडतो," सेक्रेटरी म्हणाले. "करंडकावर नाव घालायला माणूस खोळंबलाय."

"ख-ला नऊ द्यायचे होते. आमच्या सूनबाईंची चाल समजून मी तीन कापले."

मग सून उठली. "म्हणजे मी इतकी घाबरट वाटते तुम्हाला?"

"घाबरट नव्हे, सावध."

"आणि तो हत्ती?"

"तो एखाद्या उडाणटप्पूचा असेल असं वाटलं."

हसण्याचा असा काही स्फोट झाला की सेक्रेटरींना टेबल बडवावे लागले. ख हा बँकेतल्या एका रोखपालाचा प्रोग्रॅम निघाला. सुनेने करंडक स्वतः नेऊन त्यांच्या हाती दिला. रोखपाल इतके गोंधळले की त्यांनी तो उलटा धरला.

घरी परतताना मात्र कोपऱ्यावरच्या दिव्यापाशी ती थांबली. "ते तीन गुण तुम्ही माझेच कापलेत, बाबा. लागले दुसऱ्याला, एवढंच. मी खरं सांगा म्हटलं होतं. कमी सांगा नव्हे."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "चुकलो. परकं दिसावं म्हणून तुझ्याशी परक्याहून वाईट वागलो."

"मग शिक्षा. रोज जेवणाआधी माझ्या प्रोग्रॅमची एक चाल तपासायची. न वाढवता, न कापता."

दुसऱ्या संध्याकाळी पट जेवणाच्या टेबलावर आला. सासूबाईंनी आमटीचे पातेले बाजूला ठेवून हत्ती हलवला, परत घेतला, पुन्हा हलवला. चष्मेवाले बराच वेळ पाहत राहिले. "सात," ते म्हणाले.

"काल आठ होते!"

"काल मी तुझ्यापासून पळत होतो. आज नीट बघितलं. हत्ती देण्याआधी प्यादं एक घर पुढे हवं होतं."

सुनेने खुर्ची ओढली, प्यादे एक घर पुढे सरकवले, आणि दोघेही पटावर वाकले. आमटी निवत चालली होती. सासूबाईंनी मग शहाणपणाने स्वतःचेच ताट वाढून घेतले.

त्यानंतर चष्मेवाल्यांनी स्पर्धेचे परीक्षण केले नाही. सुनेचा प्रोग्रॅम २०१५ साली त्या स्पर्धेत दुसरा आला.