दारातला पालथा माठ

भर दुपारी ऑफिसात आईच्या नंबरवरून फोन आला आणि पलीकडे पुरुषाचा आवाज. "ताई, घाबरू नका. मी रिक्षावाला. तुमची अम्मा घरात पडली होती, दवाखान्यात आणलंय. लवकर या." मी तशीच पर्स उचलून धावले. भवानी पेठेतल्या आमच्या घरात दिवसभर आई एकटी असते. या माणसाला कसं कळलं?

आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी, आणि त्याचा मला अभिमान आहे. देवाधर्माचं मात्र मला पटायचं नाही. आई सिद्धेश्वराची, म्हणजे तिच्या सिद्धरामाची भक्त. रोज संध्याकाळी दारातला माठ घासून पालथा घालायची, सकाळी आंघोळ करून वाटसरूंसाठी भरायची. तोवर स्वतः चहासुद्धा नाही. नळाला पाणी रोज येत नाही, तरी नेम मोडला नाही. मी म्हणायचे, "आई, चौकात थंड बाटली मिळते. तुझा माठ कोण पितंय?"

"कोन पितंय ते बघायचं काम आपलं न्हाय. सिद्धरामानं लोकांच्या पाण्यासाठी अख्खं तळं खोदलं, तुला एक माठ जड झाला व्हय गं, शिकलेल्या बाई?"

त्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तेव्हा ती आंघोळीला गेली होती, माठ भरायचाच होता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, साखर फार उतरली होती, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. रिक्षावाले चाचा बाहेर बाकावर बसून होते. मी हात जोडले. ते म्हणाले, "रोज दुपारी तुमच्या दारात पाणी पितो की. आज बघतो तर माठ पालथा! अम्माचं असं कधी होत नाही. कडी वाजवली, कुणी बोलेना. मग शेजारणीला हाक मारून दार ढकललं."

इतकी वर्षं भरलेल्या माठानं नव्हे, एका दिवसाच्या रिकाम्या माठानं माझी आई वाचवली होती. अंगावर काटा आला, आजही ते आठवलं की येतो.

शुद्धीवर येताच आई पुटपुटली, "माठ राहिला की गं."

चाचा दारातून म्हणाले, "आज तुम्ही पाणी प्या अम्मा, आम्ही उद्या पिऊ."

हा चमत्कार होता का, यावर मी वाद घालत नाही. नेम आपण धरतो असं वाटत होतं. खरं तर नेमानंच आम्हाला धरून ठेवलं होतं. सिद्धरामा, तुझे उपकार. आता माठ मी भरते, चहाच्या आधी. कोण पितंय ते बघत नाही.