जांभळाची वाइन आणि न दिलेली हरकत

नातीने परवा एक खोकं आणलं. आत काचेची बरणी, यीस्टची पुडी आणि बरणीच्या झाकणात बसवायची एक वाकडी नळी. स्ट्रॉबेरीची वाइन करणार म्हणे, छंद म्हणून. मला विचारलं, "आजी, तू कशासाठी केली होतीस?"

मी म्हटलं, "द्वेषापायी."

तिला वाटलं मी थट्टा करतेय. पण थट्टा करण्यासारखी बाई मी नव्हतेच तेव्हा. बासष्टीला आलेली, शाळेतून निवृत्त झालेली, जन्मभर आठवीच्या पोरांना विज्ञान शिकवून मान ताठ झालेली. आपल्याला सगळं येतं आणि समोरच्याला काही येत नाही, या दोन गोष्टींवर तिचा दिवस निघायचा. ती बाई आज दारात आली तर मी तिला पाणीसुद्धा विचारणार नाही.

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला एक जांभळाचं झाड होतं. आमची गॅलरी दुसऱ्या मजल्यावर, झाडाला अगदी लागून. मला झाड बघून काही कविता वगैरे सुचत नव्हती. एप्रिलच्या दुपारी गॅलरीत बसून पेपर तपासता येत होते, एवढंच. मुलं लहान असताना कठड्यावरून हात लांबवून जांभळं तोडायची आणि गणवेशावर डाग पाडून माझा मार खायची. त्या झाडाने मला इतकी वर्षं सावली दिली आणि मी त्याला एकदाही बादलीभर पाणी घातलं नाही. ते आपलं आहेच, असं धरून चालले होते.

झाडाखाली, म्हणजे आमच्या गॅलरीच्याही खाली, चेअरमनची पांढरी गाडी उभी असायची. हे गृहस्थ तळमजल्यावर राहतात, कसल्याशा कंपनीतून निवृत्त झालेत आणि सोसायटीला अजून ती कंपनीच समजतात. त्या वर्षी गाडी नवी होती. मे संपता संपता जांभळं टपाटप पडायला लागली आणि गाडी जांभळी झाली. गाडी दुसरीकडे लावावी, हा विचार त्यांना शिवला नाही. झाड दुसरीकडे पाठवावं, हा शिवला. त्यांनी महापालिकेत अर्ज दिला. झाड धोकादायक झालं आहे, ते काढून तिथे दोन गाड्यांची सोय करायची आहे. जिन्यात भेटले तेव्हा मला म्हणाले, की मॅडम, नुसता कचरा पडतो हो, त्या फळाचा कुणाला काही उपयोग नाही.

उपयोग नाही म्हणाले, तिथे माझं डोकं फिरलं.

मी ठरवलं, याच झाडाच्या जांभळांची वाइन करायची आणि वार्षिक सभेत सगळ्यांना घोट घोट पाजायची. मोलकरणीला घेऊन दोन दिवस जांभळं वेचली. धुतली, कुस्करली, मोठ्या चिनीमातीच्या बरणीत साखर, यीस्ट आणि मूठभर गहू घालून वर पातळ फडकं बांधलं. रोज लाकडी डावाने ढवळायचे. फेस यायचा, घरभर आंबूस गोड वास सुटायचा. आमचे हे नाक धरून पेपर वाचायचे.

तेवढ्यात झाडाच्या बुंध्यावर महापालिकेची नोटीस लागली. झाड तोडण्याला कुणाची हरकत असल्यास मुदतीत लेखी कळवावी. मुदत संपत होती सोमवारी. सभा होती आदल्या दिवशी, रविवारी. ह्यांनी त्याच संध्याकाळी हरकतीचा अर्ज स्वच्छ अक्षरात लिहून माझ्यासमोर ठेवला. त्यांच्या नावावर नाही, माझ्या. कारण भांडण माझं होतं.

"हरकत आधी देऊन ये," ते म्हणाले. "वाइन नंतर वाट."

मी त्यांना समजावून सांगितलं, आठवीच्या ढ मुलाला सांगावं तसं. एकट्या म्हातारीचा अर्ज केराच्या टोपलीत जातो. सभेत सगळे वाइन चाखतील, या फळाचं काय होऊ शकतं ते बघतील, चेअरमनचं तोंड पडेल आणि अर्जाखाली चाळीस सह्या होतील. सोमवारी मी तो घेऊन जाईन. चेअरमनचं तोंड कसं पडेल, हे मी आंघोळ करतानाही बघत होते. झाड त्या चित्रात कुठेतरी मागे होतं.

सभेसाठी घाई होती म्हणून मी वाइन लवकर गाळली. अजून बारीक बुडबुडे येत होते. सरबताच्या रिकाम्या अकरा बाटल्या भरल्या. आणि मग मी जे केलं ते करायला बाईला चाळीस वर्षांची लोणची हाताशी असावी लागतात. लोणच्याला वारा लागला की बुरशी, हे माझ्या हाडात भिनलेलं. मी दहा बाटल्यांची झाकणं फडक्याने पिळून घट्ट केली, वरून मेण ओतलं, दोरा गुंडाळला. अकरावं झाकण ह्यांनी लावलं. त्यांना आयुष्यात एक झाकण नीट लावता आलेलं नाही. त्यांच्या हातचा डबा उचलला की झाकण हातात आणि डबा जमिनीवर. मी त्यांना चार शब्द सुनावले आणि ती बाटली मागे ढकलली.

किण्वनात कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं, त्याखाली रेघ मारली, परीक्षेत विचारलं आणि चुकलेल्यांना वर्गाबाहेर उभं केलं. मला कुणी उभं करायचं?

शनिवारी दुपारी दोनच्या सुमाराला, सगळी सोसायटी आडवी झालेली असताना, गॅलरीत पहिली बाटली फुटली. मग तिच्या शेजारची. आम्ही दार लावून आत उभे होतो आणि मी मोजत होते. दहा झाल्या. काचा गॅलरीत राहिल्या, वाइन पन्हळीतून खाली गेली. खाली पांढरी गाडी.

चेअरमन बनियनवरच वर आले. "मॅडम, हातभट्टी कधीपासून?"

"गाडी बघा," मी म्हटलं. "पहिल्यांदाच बऱ्या रंगाची दिसतेय."

फार खूश झाले होते मी त्या वाक्यावर. झाडाची फाशी मी तिथेच पक्की केली, हे मला कळलं नाही. ह्यांना कळलं. ते खाली जाऊन गाडी पुसायला लागले.

रविवारच्या सभेला मी गेले. झाडाचा विषयच निघाला नाही, माझाच निघाला. वरच्या मजल्यावरच्या बाई, ज्या माझ्याकडून दरवर्षी लिंबाचं लोणचं मागून नेत, त्या म्हणाल्या की मुलाबाळांच्या सोसायटीत दारू गाळणं शोभत नाही. मी अर्ज काढला आणि टेबलावर ठेवला. कुणी पेन उचललं नाही. काहींना झाड हवं होतं, मला माहीत आहे. पण हातभट्टीवालीच्या नावाखाली सही कोण करणार? चेअरमननी तो अर्ज घडी घालून मला परत दिला आणि चहा मागवला.

सोमवारी सकाळी ह्यांनी तोच अर्ज पुन्हा समोर ठेवला. "एक सही पुरते. मी रिक्षा बोलावतो."

"या माणसांसाठी मी रांगेत उभी राहू?"

"माणसांसाठी नाही. झाडासाठी."

मी उठले. खराटा आणि बादली घेतली आणि गॅलरी धुवायला काढली. जांभळाचे डाग जात नाहीत हे मला माहीत होतं. तरी दुपारपर्यंत घासलं, जेवून पुन्हा घासलं. हे दोनदा दारात येऊन गेले. ऑफिस बंद व्हायची वेळ झाली तेव्हा मी कंबर धरून सरळ झाले आणि डाग तसेच होते. अर्ज टेबलावर होता, सही नसलेला.

पुढच्या आठवड्यात झाड गेलं. दीड दिवस करवत चालली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅलरीत इतका उजेड आला की मला समोरच्या इमारतीतला टीव्ही दिसायला लागला. मी मागे ढकललेली ती अकरावी बाटली ह्यांनी काढली. झाकण सैल होतं, वायू निघून गेला होता, म्हणून वाचली होती. आम्ही स्टीलच्या वाट्यांतून प्यालो. वाइन उत्तम झाली होती. एवढा राग मला त्या चेअरमनचाही आला नव्हता.

आता त्या जागेवर दोन गाड्या उभ्या राहतात. उन्हात तापतात, चेअरमनच्या गाडीचा रंग टपावर उडालाय. तीन वर्षांपासून ते तिथे पत्र्याची शेड घालायचं म्हणतायत. सोसायटीचा नियम आहे, वरच्या गॅलरीवाल्याची लेखी हरकत असेल तर काम पुढे सरकत नाही. मागच्या महिन्यात जिन्यात गाठलं त्यांनी मला. गुडघे गेलेत, कठड्याला धरून उभे होते. "मॅडम, सावलीला तुमचा विरोध का?"

"सावली होती की," मी म्हटलं. "तुम्हाला चालली नाही."

नातीचं म्हणणं, आजी, सोडून दे आता, म्हातारे झालेत ते. मी तिला म्हटलं, तू बरणीकडे लक्ष दे. नळी बसवली का? झाकण आजोबांना लावू दे. आणि सोसायटीच्या ऑफिसात जाऊन मी यंदाची हरकत देऊन आले. एक ओळ, एक सही. कारकून म्हणाला, ठेवा आजी, नंतर शिक्का मारतो. मी खुर्ची ओढून बसले. पोच हातात पडल्याशिवाय मी आता उठत नाही.