तेलाचा माग: सातिवली ते अर्नाळा

साताऱ्याला निघायचं म्हणून सकाळी गाडी पुढे घेतली, तर तिच्या जागी तेलाचे काळे ठिपके. गाडी डिझेलची, जुनी, अर्नाळ्याच्या एका मासळी व्यापाऱ्याकडून गेल्याच आठवड्यात घेतलेली. साताऱ्याला मावशी अंथरुणाला खिळली होती. आईला तिला एकदा भेटायचं होतं, पण पाठीमुळे तिला एसटीत बसवत नव्हतं. मागच्या सीटवर आडवी होऊनच ती जाऊ शकली असती. वाटेत खंडाळ्याचा घाट, पुढे खंबाटकी. तेल संपलं की इंजिन जाम होतं, एवढं मला ठाऊक होतं आणि त्याचीच भीती वाटत होती. मी घाईनं डब्यातलं तेल इंजिनात ओतलं आणि आईला म्हटलं, "आजचं राहू दे, गाडी दाखवून आणतो." भरलेली पिशवी मात्र तिनं दाराशीच ठेवली.

रूळ ओलांडून सातिवलीला गेलो. गोदामांच्या रांगेत पत्र्याच्या शेडखाली एक गॅरेज होतं. मिस्त्रीनं बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, परत घातली.

"साहेब, लेव्हल तर फुल आहे."

"सकाळीच भरलंय."

"मग पट्टी काय बोलणार?" त्यानं बॅटरी मारून खालीवर पाहिलं. "हेडवरच्या कव्हरचं पॅकिंग गेलं असेल. जुन्या डिझेलला तिथूनच लीक असतो."

त्यानं नवं पॅकिंग बसवलं. शेजारच्या कारखान्यात पत्रा कापत होते, त्यामुळे इंजिनाचा आवाज ऐकून काही समजेल ही माझी आशा फोल ठरली.

परतताना गिरीजला थांबलो. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या पास्कलची तिथं वाडी (केळी-नारळाची बागायत) आहे. अंगणात चहा झाला आणि गाडीखाली पुन्हा ठिपके. पास्कलनं केळीची मोठाली पानं कापून आणली आणि बंपरपासून डिकीपर्यंत गाडीखाली अंथरली. "थेंब कुठे पडतो ते बघू, त्याच्या वरती भोक," तो म्हणाला. तोवर त्याच्या आईनं आम्हाला बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. मायलेक आपापसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलत होते. त्यातलं मला फक्त माझं नाव कळलं, आणि ते हसण्याआधी येत होतं.

जेवून पानं ओढून काढली. पुढच्या पानावर थेंब, मधल्यावर थेंब आणि डिकीखालच्या पानावर सगळ्यांत जास्त.

पास्कलनं डिकीखालचं पान उचलून धरलं. "इंजिन पुढंच आहे ना तुझं?"

आता मात्र मी चिडलो. व्यापाऱ्यानं गळकी गाडी गळ्यात मारली, असं धरून निर्मळ गावावरून थेट अर्नाळा गाठलं. किनाऱ्यावर वलांडीवर (मासे वाळवायच्या बांबूंच्या मांडणीवर) बोंबील लटकत होते आणि वास गाडीत शिरून मागच्या सीटवर बसला होता. हरिकाका, म्हणजे ज्यांची गाडी मी घेतली ते व्यापारी, होडीच्या सावलीत बसले होते. मी भांडायचं म्हणून जे जुळवून आणलं होतं ते सगळं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, खाली वाकले, गाडीच्या पोटाला बोट लावून हुंगलं.

"हे इंजिनातून नाय आलं. हे मी लावलंय. होडीच्या इंजिनाचं जुनं तेल."

"लावलंय?"

"खारं वारं, खारं पानी. लोखंड ठेवत नाय इथं. दर साली खालून ब्रश मारतो मी. तुला द्यायच्या आधी जास्तच मारला. म्हटलं, परक्याकडं चाललीय, त्याला कोन सांगनार तेल लाव म्हणून."

माझा विश्वास बसेना, कारण अजून घाट डोळ्यांपुढे होता. तेव्हा त्यांनी चिंधीनं इंजिन पुसून कोरडं केलं आणि काकूंना हाक मारून तोंडाला लावायच्या पावडरचा डबा मागवला. काकूंनी तो जरा नाराजीनंच दिला. तेल आलंच तर डाग दिसेल म्हणून इंजिनावर सगळीकडे पावडर उडवली, गाडी चालू केली आणि आम्ही होड्या परतताना बघत बसलो. बॉनेट उघडलं तेव्हा पावडर जशीच्या तशी पांढरी होती. खाली चेसिसवरचं तेल मात्र उन्हानं पातळ होऊन वाळूत ठिबकत होतं. जे नव्हतंच ते मी दिवसभर शोधत हिंडलो होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. घाट चढताना आई सारखी विचारत होती, "बरी हाय ना रं गाडी?" मी हो म्हणायचो आणि तरी काट्यांकडे बघायचो. मावशीनं आईला ओळखलं. दोघी दुपारभर एकमेकींचा हात धरून बसल्या.

परतीला खंबाटकीत मी सवयीनं गाडी कडेला घेऊन खाली वाकून पाहू लागलो. आई मागून म्हणाली, "आता कशाला बघतोस? आता कुठंबी बंद पडू दे."