नवसाचा कोंबडा

आमच्या घरात कोणी गेलं की कारण विचारायची पद्धत नाही. बाबा एका संध्याकाळी चहा घेऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी डोंबिवलीहून मोहन्याला घरी पोहोचेपर्यंत तिरडी बांधून झाली होती. चाळीतली चार माणसं म्हणाली, वेळ भरली, आणि विषय संपला. ते कशाने गेले हे मला आजही माहीत नाही, आणि त्याचा राग अजून जात नाही.

म्हणून आईच्या कोंबड्या मरायला लागल्या तेव्हा मी हट्टालाच पेटले. या वेळी कारण कळलंच पाहिजे.

बाबा कामाला होते तो कारखाना बंद पडल्यावर त्यांनीच मागच्या दारी फळ्या ठोकून खुराडं केलं होतं. ते गेल्यावर आई अंथरुणातून उठेना. मी समजावलं, ओरडले, रडून पाहिलं. शेवटी तिला उठवलं ते कोंबड्यांनी. पहाटे आत कलकलाट सुरू झाला की दार उघडायला कोणीतरी जावंच लागतं, आणि त्या घरात दुसरं कोणीच नव्हतं. मला कोंबड्यांचा वासही सहन होत नाही, पण त्या बिनडोक जिवांचे माझ्यावर उपकार होते. त्या गेल्या तर आई पुन्हा पडून राहील, ही एकच भीती मला होती.

उन्हाळ्यात अंड्यावर आलेल्या दोन तलंग कोंबड्या मेल्या. पत्र्याखाली उकडून मेल्या असतील. आईच्या मते नजर लागली. बाकीच्या जगू देत, म्हणून तिने गावदेवीला कोंबडा बोलला आणि कल्याणच्या बाजारातून एक तांबडा, तुरेबाज गडी घेऊन आली. आमच्याकडे बाजारातला पक्षी तसाच देवीपुढे नेत नाहीत. त्याने आधी घरचं दाणापाणी खायचं, घरच्यांत राहायचं, घरचा व्हायचं. मग तो नवसाला चालतो. आईने त्याला खुराड्यात सोडला आणि रोज स्वतःच्या हातावर दाणे चारले.

थोड्याच दिवसांत एक कोंबडी पंख गाळून कोपऱ्यात बसली. तिची शीट हिरवी आणि पातळ होती. दुसरीची मान पिळवटली आणि ती आभाळाकडे बघत जागच्या जागी गोल फिरू लागली. आई त्यांना मांडीवर घेऊन लसूण-हळद भरवत होती. दोघी गेल्या, मग आणखी गेल्या.

कारणं मात्र प्रत्येकाकडे तयार होती. समोरचे काका म्हणाले, नाल्याला हल्ली वास मारतोय. शेजारीण म्हणाली, कोणीतरी तांदळात काहीतरी कालवून टाकलं, आणि हे म्हणताना तिने नळावरून जिच्याशी तिचं भांडण होतं तिच्या दाराकडे पाहिलं. कोपरीहून भावाचा फोन आला, "बर्ड फ्लू असणार. सगळ्या मारून टाका." आईला भेटायला यायला त्याला सवड नव्हती, निकाल द्यायला होती.

मी कल्याणच्या सरकारी पशुदवाखान्यात फोन केला. ताजी मेलेली कोंबडी बर्फावर ठेवून आणा, म्हणाले. मासळीवालीकडून बर्फ आणला, थर्माकोलचा खोका मिळवला. आई कोंबडी देईना.

"मेलेल्याला कापायचं कशाला गं?"

"बाकीच्या वाचतील म्हणून."

हे ऐकून तिने दिली, बाबांच्या जुन्या लुंगीच्या तुकड्यात गुंडाळून.

डॉक्टरांनी पोट उघडलं आणि आतल्या पडद्यावरचे लाल ठिपके मला दाखवले. "मानमोडी दिसतेय, ताई. राणीखेत म्हणतात ती. नमुना पुढे पाठवतो, पण बहुतेक तीच."

"औषध?"

"औषध नाही. आधी लस दिली असती तर गोष्ट वेगळी. अलीकडे नवीन पक्षी आणलेला का कुठून?"

मी कोंबड्याचं सांगितलं. तो ठणठणीत आहे, असंही सांगितलं.

"त्याला लस दिलेली असेल, नाहीतर आजार होऊन गेला असेल. वरून धडधाकट दिसतो, पण रोग आणू शकतो."

खरं सांगते, पहिल्यांदा मला बरं वाटलं. कारण सापडलं होतं! मग रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की ते घरी जाऊन कोणाला सांगायचं आहे.

आई उंबऱ्यावरच बसली होती. मी गेल्यावर आणखी एक मेली होती.

"काय म्हणाला डॉक्टर?"

"मानमोडी. साथ आहे."

"आली कुठून पण?"

"हवेतून येते, आई."

मला खोटं नीट बोलता येत नाही, आवाज चढतो. आईने खुराड्याकडे पाहिलं. कोंबडा माती उकरत होता.

"मग ह्याला कशी नाही झाली?"

मी चप्पल काढायला खाली वाकले.

"म्हणजे मीच आणली."

"तुला काय माहीत होतं?"

"हातावर दाणे चारले गं मी त्याला," ती म्हणाली.

शेवटची कोंबडी त्याच आठवड्यात गेली. खोल खड्डा करून, चुना टाकून पुरली. अहवालही तोच आला. डॉक्टरांनी बजावलं होतं की काही महिने नवीन कोंबड्या आणायच्या नाहीत आणि हा कोंबडा कोणाला विकायचा नाही. मी आईला म्हटलं, देवीला देऊन टाक, नवस तरी फिटेल.

"जगू देत म्हणून बोललेला. आता कसला फेडू? आणि माझं खुराडं ज्याने रिकामं केलं, त्याला देवीपुढे कुठल्या तोंडाने नेऊ?"

मग कापून टाकू, म्हटलं. तर म्हणाली, नवसाचा आहे, त्याला हात लावायचा नाही.

तेव्हा तो आहे. एरवी शेजारीण त्याला दाणे टाकते. शनिवारी-रविवारी मी जाते आणि आईच्या शेजारी झोपते. पहाटे तो खणखणीत आरवतो, सगळी चाळ जागी होते. आईही जागी असते, तिच्या श्वासावरून मला कळतं. तो आरवत राहतो. मी वाट बघते, पण ती उठत नाही.