मुखरू शिंप्याचा नवा अंगरखा

मुखरू शिंप्याने सिंदेवाहीतल्या निम्म्या नवरदेवांचे कपडे शिवले, पण स्वतःच्या अंगावर कधी नवंकोरं कापड घातलं नाही. गिऱ्हाइकांचे उरलेले तुकडे जोडून तो आपला सदरा शिवी. पाठ एका नवरदेवाची, बाह्या दुसऱ्याच्या. मरायच्या आधी एकदा तरी एका ताग्यातलं काही अंगावर चढवावं, एवढीच त्याची हौस. गाव तिला खूळ म्हणे. मला अजून त्या गावाचा राग येतो.

चोपन्न साली धानाच्या जुन्या गोदामात संग्रहालय काढायचं ठरलं. जुन्या पोशाखांच्या दालनासाठी एका मालगुजाराने कुठल्याशा राजाचा अंगरखा देऊ केला. पेटी उघडली तर आत वाळवी आणि अंगरखा बांधायचे दोन बंद, एवढंच. उद्घाटनाच्या पत्रिका मात्र वाटून झाल्या होत्या. व्यवस्थापक गुणवंतराव साहेबांनी नागपूरहून तलम कापड आणवलं आणि ते दोन बंद मुखरूच्या हातात ठेवले.

"यांना शोभेल असा अंगरखा शिव. जुना."

"जुना मले शिवता येत नाई, साहेब. शिवलं का नवंच होते."

"मग चहात बुडव. आणि हे बघ, राजाचा आहे, अंगात घालून पाहू नकोस."

"माप कोनाचं घेऊ?"

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. संग्रहालयाच्या कमिटीतल्या पाचही जणांनी आपापली छाती पुढे काढली आणि तीन दिवस भांडण चाललं. शेवटी मुखरूने गुपचूप स्वतःचं माप घेतलं. जन्मभर मशीनवर वाकून त्याचा डावा खांदा उतरला होता. अंगरख्याचाही उतरला.

उद्घाटनाच्या सकाळी अंगरखा लाकडी पुतळ्याला घातला, तर तो सरळ खांद्यांवर बसेचना. एकीकडे उचले, दुसरीकडे लोंबे. तेवढ्यात पाहुणे फाटकाशी आले. साहेबांनी पुतळा पोत्यांमागे ढकलला, अंगरखा मुखरूलाच चढवला, फेटा भुवयांपर्यंत ओढला आणि त्याला दोरीपलीकडे उभं केलं.

"हलायचं नाही. श्वास बेताने घे."

पाहुण्यांत नागपूरचे एक विद्वान होते. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं. "डावा खांदा पाहा! जन्मभर ढाल पेलल्याची खूण." साहेबांनी ते लगेच लिहून घेतलं.

मागून बायाबापड्यांना आत सोडलं. त्यांत मुखरूची बायको गिरजा होती. तिने खांद्यावरूनच नवरा ओळखला. उद्घाटनाच्या पूजेच्या ताटातली हळद बोटावर घेऊन ती दोरीखालून सरळ आत शिरली.

"अवो, नवं कापड हाये ना? हळद लावल्याबिगर काऊन घातलं?"

आमच्याकडे नवं कापड असंच अंगावर घेत नाहीत. तिने अंगरख्याच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावलं. मुखरूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"पुतळा रडतोय?" विद्वानांनी विचारलं.

"लाकूड ओलं आहे," साहेब म्हणाले.

"आणि या बाई?"

"पुजारीण."

संध्याकाळी मुखरू तुकड्यांचा सदरा घालून घरी गेला. सुताराने पुतळ्याचा डावा खांदा तासला आणि खाली पाटी लागली: 'ढालीने उतरलेला खांदा. कोपऱ्यावर राज्याभिषेकाची हळद.' येणारी प्रत्येक बाई ती हळद पाही आणि पदराआड हसे.

दिवाळीला आंघोळ करून मुखरू आणि गिरजा दोरीशी येऊन उभे राहिले. पहारेकरी खेकसला, "राजाले हात लावू नका!"

"हात नाई लावत, भाऊ," गिरजा नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "यायचं दिवाळीचं कापड पाहून राह्यलो."