लॉनवरचे कावळे

खायचं नाही, प्यायचं नाही, गुरांपुढे टाकायचं नाही, अशा गवतासाठी माणसानं किती जिवाचं रान करावं याला काही मर्यादा असावी, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. पण इंग्लंडात ब्रॅकनेलला आम्ही भाड्यानं घेतलेल्या घराच्या मागे लॉन होतं आणि ते नीट राखायचं असं करारात लिहिलेलं होतं. नवऱ्याचं ऑफिस तिथंच, पाच मिनिटांवर. माझं रीडिंग नावाच्या गावाला. आठवडाभर मी ट्रेनमध्ये आणि शनिवारी लॉनमोअरच्या मागे. नवऱ्याला म्हणे गवताची अ‍ॅलर्जी होती. ही अ‍ॅलर्जी पुण्यात कधी कुणाच्या पाहण्यात आली नव्हती.

बाकी त्या घरात उपद्रवांना तोटा नव्हता. ओट्यावर मुंग्या. सकाळी उठून बघावं तर हॉलच्या कार्पेटवर गोगलगायीची चकचकीत रेघ, सोफ्याखालून निघून थेट टीव्हीपर्यंत. सप्टेंबर लागला की लांब तंगड्यांचे किडे दिव्याभोवती फडफडायचे. ते चावत नाहीत असं मी सासूबाईंना हजारदा सांगितलं, पण त्यांच्या मते तो मलेरियाचा डास होता आणि इथलं खाऊन एवढा झाला होता. त्या चप्पल घेऊन त्याच्या मागे लागायच्या.

सासूबाई त्या उन्हाळ्यात सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. आदल्या वर्षी सासरे गेले. साधा माणूस. घरात सगळं सोवळ्यातलं, पण शनिवारी संध्याकाळी 'मंडईत जाऊन येतो' म्हणून मुलाला घेऊन निघायचे आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर दोघं उभ्याउभ्या आम्लेटपाव खायचे. वर मुलाला तंबी, आईला सांगायचं नाही. हे गुपित नवऱ्यानं मला लग्नानंतर सांगितलं, तेही माझ्याकडून शपथ घेऊन.

ते गेले तेव्हा नवऱ्याचा पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीसाठी पाठवलेला होता. पासपोर्ट हातात नाही तर माणूस जाणार कसा? फोनवर रडला, दुसरं करणार काय. तिकडे पुतण्यानं सगळं केलं. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे होते, खाली उतरेनात. काकूकडे बघू, प्लॉटचं मार्गी लावू, जेवढी म्हणून आश्वासनं देता येतात तेवढी देऊन झाली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवला आणि सगळे घरी आले. त्यात कुणीतरी म्हणालं, "मुलगा आला नाही ना, म्हणून." सासूबाई घाटावर गेलेल्या नव्हत्या, पण हे वाक्य बरोबर त्यांच्यापर्यंत पोचलं. लोकांना एरवी निरोप द्यायला सांगा, विसरतात.

तेव्हापासून त्यांच्या मनानं घेतलं होतं की हे रागावून गेले. बोलून दाखवायच्या नाहीत. पण आल्या त्याच आठवड्यात मागच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "इथं कावळे आहेत की गं." मला वाटलं, सहज म्हणतायत. पुढे कळलं की पितृपंधरवड्यात सासऱ्यांच्या तिथीला मुलाच्या हातून पान ठेवायचं आणि कावळा शिवलेला डोळ्यांनी बघायचा, एवढ्यासाठीच त्या आल्या होत्या. एरवी त्या लंडन बघायलाही तयार नव्हत्या.

इथले कावळे अंगभर काळे. आपल्याकडे डोमकावळा असतो तसे. डोमकावळा चालतो का, हा प्रश्न त्यांनी फोनवर पुण्याच्या गुरुजींना विचारला. गुरुजी म्हणाले, जिथला कावळा तिथला, चालतो. मग सासूबाई रोज दुपारी शेडजवळ पोळीचे तुकडे टाकायला लागल्या. "सवय लावते त्यांना," म्हणाल्या. "ऐन वेळी कुठे बोलवायला जायचं?"

आणि मग एका शनिवारी बघते तर लॉनची पार वाट लागलेली. हिरवळ उलटीपालटी, खाली माती उघडी, कुणी कुदळ चालवल्यासारखी. चार कावळे त्यात चोच घालून गवताचे गठ्ठेच्या गठ्ठे उपटून फेकत होते. माझं डोकंच फिरलं. एवढे शनिवार मी त्या गवतामागे घालवले होते.

कुंपणापलीकडे एक रिटायर्ड गृहस्थ एकटे राहायचे. त्यांच्या लॉनवर लुगड्याच्या काठासारखे सरळ पट्टे असत आणि शेडवर कावळ्यांना भिववायला एक प्लास्टिकचं घुबड बसवलेलं असे. त्यांनी आमच्या लॉनकडे हळहळून बघितलं आणि म्हणाले, "दे आर आफ्टर द ग्रब, डिअर."

आता ग्रब म्हणजे काय, हे मला माहीत होतं. स्टेशनसमोरच्या पबच्या दाराशी फळा असायचा, त्यावर खडूनं 'पब ग्रब' आणि खाली फिश अँड चिप्स, अ‍ॅपल पाय वगैरे. ग्रब म्हणजे खाणं. कावळे खाण्याच्या मागे आलेत. आणि आमच्या बागेत खाणं कोण टाकतं?

मी तशीच आत गेले. "अहो आई, उद्यापासून पोळी टाकायची नाही. शेजारचे म्हणतायत, खाण्यासाठी येतात आणि लॉन उपटतात."

"पोळी शेडपाशी टाकते मी. ते तिथं मध्येच कशाला उकरतील?"

"ते मला नका विचारू, कावळ्यांना विचारा."

त्यांनी उरलेली पोळी डब्यात ठेवून झाकण लावलं. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या काळात फुकट इंटरनेटच्या सीड्या दर आठवड्याला दारात येऊन पडायच्या. त्यांचा ढीग साठला होता. मी त्यांना लोकर बांधली आणि कपडे वाळत घालायच्या गोल छत्रीला, कुंपणाला, शेडच्या खिळ्यांना, सगळीकडे टांगल्या. वाऱ्यावर त्या गरागरा फिरायच्या, लखलखायच्या. कावळे बंद झाले. मी विजयी मुद्रेनं फिरत होते. सासूबाई मागच्या दारात खुर्ची टाकून त्या सीड्यांकडे बघत बसायच्या. नवरा एकदा हळूच म्हणाला, "अगं, तिथी जवळ आलीय." मी म्हणाले, त्या दिवशी काढू की, कावळे काय परदेशी गेलेत?

तिथीच्या दिवशी आम्ही दोघांनी रजा टाकली. सकाळीच मी सगळ्या सीड्या उतरवल्या. खीर, वडे, आमसुलाची चटणी, भाज्या, सगळं सासूबाईंनी केलं, मला फक्त खोबरं किसू दिलं. नवऱ्यानं पंचा नेसला, थंडी वाजते म्हणून वर फ्लीस चढवलं. त्यानं पान नेऊन उपटलेल्या गवताच्या कडेला ठेवलं, भोवती पाणी फिरवलं, हात जोडले. आम्ही तिघं मागच्या दारात उभे.

कावळे समोरच्या घराच्या चिमणीवर होते. तिथून ते आमच्याकडे बघत होते, पण हलेनात. इतके दिवस आम्ही त्यांना पिटाळलेलं. वड्यांची वाफ गेली. खिरीवर साय धरली. सासूबाईंचे ओठ सारखे हलत होते. मग त्या मुलाला म्हणाल्या, "तू बोल. तुझ्याकडून ऐकायचंय त्यांना."

नवरा घसा खाकरून म्हणाला, "बाबा, मी येऊ शकलो नाही. पासपोर्ट नव्हता. मला यायचं होतं." एवढंच बोलला आणि फ्लीसच्या बाहीला नाक पुसायला लागला. मलाही हुंदका आला. या माणसानं दीड वर्षात हे एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

आणि काय सांगू, दोन कावळे खरंच चिमणीवरून उडाले आणि आमच्या कुंपणावर येऊन बसले. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. तेवढ्यात पलीकडून ठण्ण ठण्ण आवाज झाला. शेजारचे गृहस्थ सॉसपॅन आणि डाव घेऊन बाहेर आले होते. कावळे गेले. ते आमच्याकडे बघून प्रसन्न हसले. आमच्यावर उपकार करून आले होते बिचारे.

नवरा पंच्यात, तो काही कुंपणाशी जाईना. मीच गेले. म्हटलं, प्लीज, आज कावळ्यांना हाकलू नका, आम्ही त्यांची वाट बघतोय. माझ्या सासऱ्यांसाठी.

"सासरे येणार आहेत का?" त्यांनी विचारलं.

"ते वारले," मी म्हणाले. "येतायत का, तेच बघतोय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मागे पांढऱ्या साडीत उभ्या असलेल्या सासूबाईंकडे बघितलं. सॉसपॅन हळूच पायाशी ठेवलं. मग शिडी आणून शेडवर चढले, ते प्लास्टिकचं घुबड टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि काखेत घेऊन खाली उतरले. त्या वयात शिडीवर चढणं त्यांना जड जात होतं, ते दिसत होतं. उतरल्यावर पानाकडे बोट करून संकोचानं म्हणाले, "पण ते त्यासाठी यायचे नाहीत, डिअर. ते ग्रबसाठी येतात."

"हो ना, मग तेच तर ठेवलंय."

ते गोंधळले. मग बुटक्या कुंपणावरून वाकले, आमच्या बाजूला कडेपर्यंत उपटलेल्या मातीत दोन बोटं खुपसली आणि तळहात माझ्यापुढे धरला. पांढरी, गुबगुबीत, अर्धवट वळलेली अळी. "ग्रब," ते म्हणाले. गवताची मुळं ही खाते. हिला खायला कावळे येतात.

मी त्या अळीकडे बघत राहिले. शेजाऱ्यांनी ती पुन्हा मातीत टाकली, घरात गेले आणि आपल्या स्वयंपाकघराचा पडदा ओढून घेतला. आम्हाला एकांत हवा हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

परत येऊन मी सासूबाईंना म्हणाले, "आई, तुमच्या पोळीचा काही संबंध नव्हता. मातीत अळ्या झाल्यात."

"मग मी काय म्हणत होते," एवढंच त्या म्हणाल्या. मनगट मात्र पुन्हा धरलं.

थोड्या वेळानं एक कावळा आला. कुंपणावरून थेट लॉनवर. तुरुतुरु पानापाशी गेला, मान वाकडी करून वड्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली. नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. कावळा उघड्या मातीत चोच मारायला लागला. गवताचा एक मोठा गठ्ठा उपटला, बाजूला फेकला आणि आतून अळी ओढून काढली. चांगली जाडजूड होती. चवीनं खाल्ली.

मला सासूबाईंकडे बघवेना. आणि मग त्यांचं हसणं ऐकू आलं. पदर तोंडाशी धरून हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बघ," त्या मुलाला म्हणाल्या. "घरचं पान समोर वाढलंय, आणि हे चालले गाडीवर."

नवऱ्यानं खाडकन डोळे उघडले. "तुला माहीत होतं?"

"शर्टाला वास यायचा. तुझ्यासुद्धा." मग त्या कावळ्याकडे वळल्या. आवाज अगदी नेहमीचा, पानावर बसलेल्या माणसाशी बोलावं तसा. "मला ठाऊक होतं हो सगळं. चोरून कशाला जायचं? म्हणाला असतात तर मी काय हात धरला असता?"

कावळ्याला दुसरी अळी मिळाली. ती चोचीत धरून तो मागे सरकला, सरकता सरकता पानावर चढला. मातीनं भरलेला पाय खिरीत बुडाला. तिथंच उभा राहून त्यानं अळी गिळली, वड्यावर चोच पुसली आणि उडून गेला.

"खाल्लं नाही गं त्यानं," नवरा कळवळून म्हणाला.

"खायला कुणी सांगितलं होतं? शिवायचं असतं," सासूबाई म्हणाल्या. "शिवला." त्यांनी माझं मनगट सोडलं. त्यावर बोटांचे वळ उठले होते.

आम्ही जेवायला बसलो. लॉनचं पुढे जे व्हायचं ते झालं, मी परत सीड्या टांगल्या नाहीत. शेजाऱ्यांकडे वडे आणि खीर मीच नेऊन दिली. त्या दिवशी सासूबाई पोटभर जेवल्या. हात धुऊन आल्या आणि माझ्यापाशी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"अगं, घरात अंडी असतात ना तुमच्याकडे?"

फ्रिजमध्ये मागे, दह्याच्या डब्याआड लपवलेली होती.

"उद्या सकाळी एक आम्लेट कर," त्या म्हणाल्या. "मी नेऊन ठेवते बाहेर. कांदा जरा जास्त घाल, ह्यांना लागायचा."