पातेल्यातला भात

सकाळी आमच्या मजल्यावर घरोघरी कुकरच्या शिट्ट्या होतात. शेजारच्या सुमनताईंकडे मात्र भात पातेल्यात शिजतो. मारझोडीच्या घरातून त्यांनी आपल्या भाचीला, मुक्ताला, सांभाळायला आणलं, तेव्हा पहिल्याच शिट्टीला ती पलंगाखाली शिरली होती.

"होईल हो सवय," मी म्हणाले.

"होईल. घाई कुणाला आहे?"

घाबरलेल्या लेकराला आपण धीट हो म्हणतो. ताईंनी घरच हळू आवाजाचं केलं. पातेल्यापाशी उभं राहावं लागतं, नाहीतर भात उतू जातो. त्या उभ्या राहिल्या.

आज त्यांच्याकडून शिट्टी ऐकू आली. मी धावतच गेले. मुक्ता ओट्याशी उभी होती, दोन्ही कान घट्ट दाबून.

"काकू," ती ओरडली, "कुकर मीच लावलाय!"